पाणी, सावली आणि पॉटचं आईस्क्रीम : वाचकांचे उन्हाळी प्रश्न

यंदाच्या मे महिन्यातल्या पत्रांत राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव या धरणांच्या बाजूला पाण्याकाठी घर किंवा शेतघर घेऊन दोन-चार दिवस राहणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत. काहींचं स्वतःचं शेतच तलावाला लागून आहे. कुठं जावं हे फारसं कुणी विचारलेलं नाही. तिथं गेल्यावर दिवस कसा लावायचा, हे विचारलंय. ते बरंच झालं, कारण जागा चांगली असूनही दिवस वाया जातो तो बहुधा वेळ चुकल्यामुळं.

सकाळी कोल्हापुरातून निघून अकरापर्यंत तलावावर पोचतो. तोवर ऊन डोक्यावर येतं, मुलं किरकिरी होतात आणि जेवण झालं की सगळे आडवे. पाण्याची मजा येतच नाही. काय चुकतं? — राजारामपुरीतील वाचक

अकराला पोचता, हेच चुकतं. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जा, नाहीतर पहाटे पाचला निघा. पाणी आणि बाहेरचे खेळ सकाळी सहा ते साडेनऊ आणि मग संध्याकाळी साडेचारनंतर. मधला वेळ सावलीचा समजायचा आणि त्यावर भांडायचं नाही.

आता सावली. कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळं ‘उत्तरेचा सोपा (ओसरी) थंड’ हा वर्षभराचा हिशेब मे महिन्यात दुपारी चालत नाही. भिंतीची सावली पडलीच तर दक्षिणेला, तीही हातभर. म्हणून या दिवसांत भिंतीपेक्षा झाड आणि छपरावर भिस्त ठेवा. झाडाखाली सतरंजी टाकताना ती पूर्वेच्या बाजूला टाका. एकनंतर सावली तिकडंच सरकते आणि चारपर्यंत उठावं लागत नाही. पश्चिमेला बसलात तर दर अर्ध्या तासाला सतरंजी ओढावी लागेल.

निळी ताडपत्री एकेरी बांधली की खाली भट्टी होते. ताडपत्रीच्या वर फूटभर अंतर सोडून जुनं पांढरं धोतर किंवा शेडनेट ताणा. ऊन वरच्या थरावर अडतं, मधून वारा जातो आणि खालच्या माणसाला फरक लगेच कळतो. दोन्ही थर चिकटवून बांधले तर काही उपयोग नाही.

मुलं १० आणि १३ वर्षांची, तरणतलावात पोहायला शिकलेली. धरणाच्या पाण्यात सोडावं का? — इचलकरंजीतील पालक

तरणतलावात चार लांब्या मारणारं मूल धरणाच्या पाण्यात पोहणारं नसतं. इथं तळ दिसत नाही, कडा नसते आणि पाणी सगळीकडं सारखं गरम नसतं. मे महिन्यात वरचं पाणी कोमट लागतं, पण पुरुषभर खाली गेलं की गार. उन्हातून येऊन थेट उडी मारली की दम कोंडतो. आधी पाय, मग मांड्या, मग मानेवर पाणी घेऊन सावकाश उतरायचं.

मे महिन्यात धरणं उतरलेली असतात. काठाला जो मातीचा पट्टा उघडा पडतो, तो वरून भेगाळलेला आणि कडक दिसतो. खाली गुडघाभर चिखल असतो. पाय रुतला की मूल घाबरून ओढाओढ करतं आणि आणखी रुततं. रुतल्यावर मागं बसून, वजन पसरून पाय हळूहळू सोडवायचा. पण मुळात दगडी किंवा मुरमाड काठच निवडा. धरणांच्या पोटात जुन्या वस्त्या, विहिरी, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत, म्हणून सूर मारणं बंद म्हणजे बंद. उतरण्याआधी लांब बांबूनं तळ चाचपा आणि मुलांसाठी छातीभर पाण्याची हद्द दगड रचून दाखवा. भिंत, सांडवा, वीजगृह आणि जॅकवेल म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या जवळपास कुणीच उतरायचं नाही.

वाऱ्याची दिशा बघायला बहुतेकजण विसरतात. दुपारनंतर आपल्याकडं वारा पश्चिमेकडून वाहतो. तुम्ही तलावाच्या पश्चिम काठाला असाल तर ट्यूब, चेंडू आणि हवेची गादी वारा थेट मधल्या पाण्याकडं नेतो. पळालेल्या चेंडूच्या मागं पोहत जाणं हे बुडण्याचं फार नेहमीचं कारण आहे. पूर्व काठावर तोच वारा सगळं तुमच्याकडं आणून देतो. हवेच्या गाद्या तर आणूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

लाइफ जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे किंवा पट्टे ढिले आहेत. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. शिवणीतून थर्मोकोलचे तुकडे बाहेर आलेलं जॅकेट भाड्यानंही घेऊ नका.

काठावर एक दोरी तयार ठेवा: १५ मीटर, प्लास्टिकची म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, कारण ती तरंगते, नायलॉनची बुडते. टोकाला पाच लिटरचा कॅन बांधा आणि त्यात पावभाग पाणी भरा. रिकामा कॅन वाऱ्यावर भरकटतो, भरलेला लागला तर इजा होते. कुणी बुडत असेल तर दोरी फेका, बांबू पुढं करा, ओढणी टाका. पण जीवरक्षणाचं शिक्षण नसेल तर पाण्यात उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात.

पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, रंग सांडल्यासारखा दिसला तर त्या दिवशी पोहणं नाही आणि जनावरांनाही ते पाणी पाजू नका.

लाकडी बादलीचा आईस्क्रीम पॉट आजोळहून आणलाय. दोनदा केलं, एकदा दूधच राहिलं, एकदा खारट झालं. बर्फ-मिठाचं नेमकं प्रमाण सांगाल का? — मंगळवार पेठेतील वाचक

पॉट २ लिटरचा धरून सांगतो. म्हशीचं साय न काढलेलं दूध दीड लिटर घ्या आणि मंद आचेवर सव्वा लिटरच्या आत येईपर्यंत आटवा. गरम असतानाच २०० ग्रॅम साखर घाला. थंड झालेला पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळं मिश्रण थोडं जास्तच गोड वाटायला हवं. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ही रात्र वाचवू नका. मुरलेलं मिश्रण जास्त मऊ लागतं आणि थंडगार घातल्यानं बर्फही कमी जातो. आंबा घालायचा तर दोन वाट्या रस, तोही गार, आणि पॉट लावण्याच्या ऐन वेळी. गरम दुधात आंबट रस पडला की दूध फाटतं.

डबा दोन तृतीयांशच भरा. फिरवताना हवा धरून मिश्रण फुगतं. काठोकाठ भरलं तर झाकणातून वर येतं आणि त्याच फटीतून मिठाचं पाणी आत शिरतं. तुमचं खारट झालं ते बहुधा असंच. दुसरं कारण म्हणजे बादलीचं भोक तुंबलेलं असणं. ते भोक डब्याच्या झाकणाच्या खाली असतं, म्हणजे पाणी झाकणापर्यंत चढण्याआधी बाहेर पडावं. सुरू करण्याआधी काडी घालून ते मोकळं करा.

बर्फ ६ किलो, खडेमीठ सव्वा किलो. म्हणजे पाच भाग बर्फाला एक भाग मीठ. बर्फ पोत्यात घालून लिंबाएवढा फोडा. चार बोटं बर्फ, वर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर डब्याच्या खांद्यापर्यंत. नुसत्या बर्फाचं तापमान शून्य अंश असतं आणि साखर घातलेलं दूध त्याहून खाली गेल्याशिवाय गोठत नाही. मिठामुळं बर्फाचं पाणी उणे १०-१२ अंशांपर्यंत जातं, तेव्हा काम होतं. पहिल्या वेळी तुमचं दूध दूधच राहिलं ते मीठ कमी पडल्यामुळं. बारीक मीठ वापरलं असेल तर ते भराभर विरघळून तळाशी गेलं असेल, तोही एक संभव. मीठ फार झालं तर उलटी गंमत होते: डब्याच्या कडेला दगडासारखा थर धरतो आणि मधे पातळ राहतं.

पहिली दहा मिनिटं सावकाश, एका लयीत फिरवा. दांडा जड लागायला लागला की वेग वाढवा. एकूण २५ ते ३० मिनिटं. मधे थांबलात तर बर्फाचे मोठे कण धरतात आणि आईस्क्रीम दाताखाली करकरतं. माणसं आलटून-पालटून बदला, दांडा थांबू देऊ नका. तयार होणारं खारं पाणी सारखं काढून टाकू नका. डब्याला चहूबाजूंनी गारवा तेच देतं. खड्यांमध्ये तर फटी असतात.

दांडा फिरेनासा झाला की झाकणावरचं पाणी पुसा, मगच झाकण उघडा. डब्यातला पंखा काढा, आईस्क्रीम दाबून बसवा, झाकण लावून नवा बर्फ-मीठ भरा आणि ओल्या पोत्यानं झाकून तासभर ठेवा. पंखा चाटायचा मान दांडा शेवटी फिरवणाऱ्याचा.

कारखान्यातली बर्फाची लादी थंड करायला वापरायची, सरबतात टाकायची नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम त्यासाठीच आहे. आणि खारं पाणी आंब्याच्या बुंध्यात ओतू नका. वाटेवर, गवत नसलेल्या जागी टाका.

दिवसभराचा डबा उन्हात आंबतो. काय न्यावं? — गारगोटीतील गृहिणी

ओलं खोबरं, उकडलेला बटाटा आणि चिरलेला कांदा घातलेलं काहीही सकाळी भरून दुपारी खाऊ नका. दुसरं, गरम अन्न डब्यात घालून लगेच झाकण लावू नका. वाफेचं पाणी होऊन तेच आंबायला सुरुवात होते.

दहीभात न्यायचा असेल तर दही नेऊ नका, दूध न्या. एक वाटी तांदूळ साडेतीन वाट्या पाण्यात मऊ शिजवा आणि गरम असतानाच डावानं घोटा. कोमट झाला की दोन वाट्या कोमट दूध आणि एक मोठा चमचा ताजं गोड दही त्यात मिसळा, मीठ घाला, वर हिंग-मिरची-आल्याची फोडणी गार करून. सकाळी सहाला भरलेल्या भातात साडेबारापर्यंत डब्यातच दही लागतं आणि भात आंबट होत नाही. भात कढत असताना विरजण घातलं तर ते मरतं. सकाळीच भरपूर दही कालवलं तर दुपारपर्यंत तोंड वाकडं होईल एवढं आंबट होतं. भात दूध पितो, म्हणून मिश्रण सकाळी आमटीसारखं पातळ दिसलं तरी घाबरू नका.

बाकी ज्वारीच्या पिठात दूध घालून केलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तव्यावरचा खर्डा. भडंग न्यायचं तर कांदा-कोथिंबीर वेगळी ठेवून तिथंच चिरा. मटण तिथंच चुलीवर करणार असाल तर कच्चं मटण बर्फावर न्या आणि पोचल्यावर पहिलं काम तेच करा. चुलीला नदीतले ओले दगड लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या डोळ्यांपर्यंत उडतात. आणि चूल पेटवण्याआधी मान वर करून झाडावर आग्या मोहोळ नाही ना, ते बघा. धूर लागला की माश्या उठतात आणि मग पळण्याशिवाय इलाज नसतो. जंगलाच्या हद्दीत तर विस्तवच नको. मे महिन्याच्या वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

हॅमॉक बांधला की एकतर जमिनीला टेकतो, नाहीतर ताठ होऊन माणूस उलटतो. — कसबा बावड्यातील वाचक

ताठ बांधायचा नसतोच. दोरी दोन फूट जाताना एक फूट उतरली पाहिजे, म्हणजे ३० अंशांचा कोन होतो. त्या कोनात ८० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर साधारण ८० किलोच ताण येतो. दोरी जवळजवळ आडवी, १० अंशांवर ओढली तर तोच ताण २३० किलोच्या घरात जातो. गाठ सुटते, कडी वाकते, कधी फांदीच येते.

दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर हवं. गाठ साधारण सहा फुटांवर, बसायची जागा जमिनीपासून दीड फूट. सुती किंवा काथ्याची जुनी दोरी वापरू नका, ती आतून कुजलेली असते. नायलॉन ताण घेतल्यावर लांबतं, म्हणून माणूस बसवून अर्ध्या तासानं पुन्हा गाठ मारा. सालीला दोरी थेट काचू नये म्हणून दोन इंच रुंद पट्टा किंवा पोत्याची घडी घाला. शेवगा, पांगारा, गुलमोहर ही ठिसूळ झाडं नकोत. आंबा, चिंच, वड चालतील. फणस मजबूत असतो, पण मे महिन्यात फणसाखाली झोपणं म्हणजे डोक्यावर टांगती तलवार, तीही वीस किलोची. झोपताना सरळ न झोपता थोडं तिरकं झोपा. पाठ सपाट राहते.

गळ टाकून मासे धरायला मुलाला शिकवायचंय. सामान आणि आमिष सांगा. — कागल तालुक्यातील वाचक

सुरुवात चिलापी (तिलापिया) माशापासून करा. काठाजवळ असते, भुकेली असते, मुलाला वाट बघावी लागत नाही. पण आधी परवानगी. बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका असतो, तो ज्या सोसायटीकडं असेल तिला विचारा. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही.

नऊ-दहा फुटांची बारीक बांबूची काठी, तेवढाच लांब ०.२५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ८ ते १० नंबरचा गळ, गळापासून वीतभर वर शिशाचा लहान मणी आणि ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचं तरंगतं बूच. बुचाखाली तीन-चार फूट तंगूस सोडा. गळ मोठा असला की चिलापी आमिष कुरतडून नेते आणि हाती काही लागत नाही, कारण तिचं तोंड लहान असतं. आमिष म्हणून गांडुळाचा तुकडा, गळाचं टोक झाकेल एवढाच. कणीक वापरायची तर त्यात कापसाचे थोडे धागे मळा, नाहीतर पाण्यात पडताच ती विरघळते.

बूच नुसतं थरथरलं तर थांबा. आडवं सरकायला लागलं किंवा बुडालं की मनगटानं हलका झटका द्या. हात उंच उडवून ओढला तर ओठ फाटून मासा सुटतो आणि गळ मागच्याच्या कानात जातो. मासा धरताना डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत पाठीचे काटे निजवा, मग मूठ आवळा. सकाळी साडेसहा ते नऊ ही चांगली वेळ. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. बगळ्यांच्या पायात अडकतो.

वळीव अचानक येतो. पाण्यावरून कधी परतावं? — भुदरगड तालुक्यातील वाचक

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पाण्यातून बाहेर, नाव काठाला, सगळे पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. लोक चुकतात ते इथं: पाऊस थांबला की लगेच करवंदं वेचायला पळतात. एकटं झाड, उघडा पत्र्याचा मांडव आणि हातातली गळाची काठी, तिन्ही धोक्याची. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. नेटवर्क असेल तिथंच टाकून ठेवा.

हॅमॉक आणि ताडपत्री दुपारी तीनला ढग चढताना दिसले की सोडून ठेवा. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो आणि ताडपत्री खिळ्यांसकट नेतो.

थोडक्यात

*पाण्यावर दगडाच्या भाकऱ्या माझ्या दोनच निघतात.* — तळहाताएवढा चपटा दगड घ्या, खाली वाका, कंबरेपेक्षा खालून फेका आणि तर्जनीनं त्याला गरगर फिरकी द्या. दगडाची पुढची कड किंचित वर असावी. फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये मोजून दाखवलं की दगड आणि पाणी यांच्यात २० अंशांचा कोन सगळ्यात चांगला. फिरकी कमी पडली की दगड कलंडतो. तुमचं तेच होत असणार. विक्रम ८८ उड्यांचा आहे, तेव्हा वाव भरपूर आहे. पोहणाऱ्यांच्या दिशेनं मात्र नको.

*काजवे कधी बघावेत?* — राधानगरी भागात मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला, एखादा वळीव होऊन गेल्यावर, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेसात ते दहा. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा आणि उजेड पायाशीच ठेवा. नर मादीला बोलावण्यासाठी चमकतात. फ्लॅश मारला की ते बोलावणंच बंद पडतं. रात्री पायात बूट हवेत.

*त्रिशंकू तारकासमूह आपल्याकडून दिसतो का?* — दिसतो. मेच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून १३ अंशांवर. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवली तर तिच्या किंचित वर. दक्षिणेला डोंगर असेल तर दिसणार नाही, त्यामुळं तलावाच्या उत्तर काठावर जा.

*उघड्यावर झोपलं तर सापाची भीती?* — जमिनीवर झोपू नका. खाट घ्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. दंश झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना, कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे आणि तिथं प्रतिविष आहे का, ते विचारून ठेवा.

*नवा माठ पाणी गार करत नाही.* — रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, आतून साबण लावू नका, वारा लागेल अशा सावलीत तिवईवर ठेवा. पाणी झिरपून वाळतं तेव्हाच गारवा येतो, म्हणून वळवानंतरच्या दमट दिवशी कोणताच माठ फारसं गार करणार नाही. बाहेरून तेलाचा रंग दिलेला माठ असेल तर त्यात रोप लावा.